जंताची गोळी: स्ट्रिप फोडण्याआधी आणि त्यानंतर

पावसाळा लागला आणि शाळा सुरू झाल्या की पुण्यातल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी हमखास येते: "जंताची गोळी द्या." कुणासाठी, वय काय, जंत कुठले, आधी कधी दिली होती, यातलं काही सांगितलं जात नाही. विचारलं तर, "अहो, साधी जंताचीच तर हवीये," असं उत्तर मिळतं. गोळी स्वस्त आहे, बहुतेकदा एकच घ्यायची असते, शाळेतही वाटतात. त्यामुळे तिला औषध म्हणून कुणी धरतच नाही.

मी फार्मासिस्ट आहे आणि हा समज मोडावा असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे जंताची गोळी म्हणजे बहुतेक वेळा अल्बेंडाझोल. हे शेड्यूल एचमधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचं औषध आहे. योग्य माणसाला, योग्य जंतासाठी दिलं तर ते चांगलं आणि बऱ्यापैकी सुरक्षित आहे. पण चुका होतात त्या गोळी तोंडात जाण्याआधी, आणि नंतरच्या दोन आठवड्यांत. डोस डॉक्टर ठरवतील. त्यांना तुमच्याकडून काय कळायला हवं आणि चिठ्ठी हातात आल्यावर घरी कुठल्या क्रमानं काय करायचं, ते पुढे देतोय.

टप्पा १: जंत झालेत हे कशावरून?

मूल रात्री दात खातं, गोड मागतं, झोपेत लाळ गळते, गालावर पांढरट डाग आलेत. यातल्या एकाही गोष्टीवरून जंत ठरत नाहीत. साखर खाल्ल्यानं जंत होत नाहीत. गालावरचे फिकट डाग बहुतेकदा कोरड्या त्वचेचे असतात, ते त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. केवळ या लक्षणांवर दर दोन-तीन महिन्यांनी गोळी देत राहणारी घरं आहेत, आणि त्यांत मुलाच्या अशक्तपणाचं खरं कारण शोधायचं राहून जातं.

डोळ्यांना काय दिसलं, हे महत्त्वाचं.

शी करताना किंवा रात्री गुदद्वारापाशी पांढरे, दोऱ्याच्या तुकड्यासारखे, साधारण एक सेंटीमीटर लांबीचे जंत वळवळताना दिसले आणि रात्री तिथं खूप खाज सुटत असेल, तर ते सुतासारखे जंत असण्याची शक्यता मोठी. गांडुळासारखा, फिकट गुलाबी-पांढरा, १५ ते ३५ सेंटीमीटर लांबीचा जंत पडला तर तो गोलकृमी. चपटे, पांढरे, रिबिनीच्या तुकड्यांसारखे किंवा शिजलेल्या शितासारखे तुकडे दिसले तर पट्टकृमीचा, म्हणजे टेपवर्मचा संशय घ्यावा लागतो. त्याचं औषध आणि विचार दोन्ही वेगळे असतात. अंकुशकृमी तर सहसा दिसतच नाहीत. ते आतड्याला चिकटून रक्त पितात, आणि दिसतो तो फक्त फिकटपणा, थकवा आणि कमी झालेलं हिमोग्लोबिन. याच्या अळ्या दूषित मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेतून शिरतात. म्हणून सुट्टीत मुळशी, वेल्हे, भोरकडे जाऊन भातखाचरात अनवाणी फिरलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन उतरलेलं असेल, तर डॉक्टरांना तेही सांगा.

जे दिसलं त्याचा मोबाइलवर फोटो काढा. लाज वाटायचं कारण नाही. तुमच्या वर्णनापेक्षा डॉक्टरांना त्या फोटोचा जास्त उपयोग होतो.

शौचाची तपासणी सांगितली असेल तर लॅबमधून रुंद तोंडाची डबी आणा. आधी लघवी करून घ्या, मग कोरड्या भांड्यात किंवा कागदावर शी करून चमच्यानं नमुना डबीत घ्या. कमोडमधल्या पाण्यातला नमुना चालत नाही. नमुना ताजा असतानाच पोहोचवा. एकाच नमुन्यात अंडी सापडली नाहीत म्हणजे जंत नाहीत असं ठरत नाही, त्यामुळे वेगवेगळ्या दिवसांचे नमुने मागितले तर कंटाळू नका.

तपासा: सुतासारख्या जंतांची अंडी शौचाच्या साध्या तपासणीत बहुतेकदा सापडत नाहीत. मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर अंडी घालते. त्यासाठी सकाळी उठल्याबरोबर, शी आणि अंघोळीच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी तिथं हलकेच दाबून काचपट्टीवर लावून देतात. अंघोळ घालून मग लॅबमध्ये नेलं तर ती सकाळ वाया गेली.

टप्पा २: डॉक्टरांना न विचारताही सांगायच्या गोष्टी

वय आणि वजन सांगाच. एक वर्षाखालच्या बाळाला घरच्या निर्णयानं ही गोळी कधीही द्यायची नाही. राष्ट्रीय जंतनाशक कार्यक्रमात १ ते २ वर्षांच्या मुलांना २०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी, आणि २ ते १९ वर्षांपर्यंत ४०० मिलिग्रॅमची एक गोळी देतात. पण हा सरसकट प्रतिबंधक डोस झाला. तुमच्या मुलाला दिसलेल्या जंतावर तोच आणि तेवढाच लागेल असं नाही. काही जंतांना एकदा पुरतं, काहींना सलग तीन दिवस द्यावं लागतं, काहींना दुसरंच औषध लागतं.

गरोदरपण. पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल घ्यायचं नाही, कारण प्राण्यांवरच्या अभ्यासांत गर्भाला इजा झाल्याचं दिसलं आहे. सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला दुसऱ्या तिमाहीत एक डोस देतात, तो तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीत. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी: "सगळ्या घरानं एकाच दिवशी घ्या" असं ऐकून घरातली सूनही गोळी खाते, आणि पाळी चुकलेली आहे हे नंतर लक्षात येतं. पाळी पुढे गेली असेल किंवा दिवस जाण्याची शक्यता असेल, तर आधी टेस्ट करा. अंगावर पाजत असाल तर तेही सांगा.

फिट येणं. इथं जरा थांबून वाचा. टेपवर्मच्या एका जातीची, म्हणजे डुकराच्या मांसातून होणाऱ्या टेपवर्मची, अंडी पोटात गेली तर तिच्या अळ्या मेंदूत जाऊन गाठी करू शकतात. आपल्या देशात फिट येण्याच्या महत्त्वाच्या कारणांपैकी हे एक आहे. "कोबीतला किडा मेंदूत जातो" असं जे बोललं जातं, त्याच्या मागे हेच अर्धवट कळलेलं सत्य आहे. कोबीवरच्या हिरव्या अळीचा याच्याशी संबंध नाही. टेपवर्म झालेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी माती, पाणी, हात यांतून कुठल्याही कच्च्या भाजीवर येऊ शकतात. त्यामुळे डुकराचं मांस कधीच न खाणाऱ्या, पूर्ण शाकाहारी घरातही हा आजार होतो.

अल्बेंडाझोल या गाठींवरही काम करतं, आणि धोका तिथंच आहे. गाठीतली अळी मरताना तिच्याभोवती मेंदूला सूज येते, डोकं भयंकर दुखतं, फिट येऊ शकते. म्हणून मेंदूतल्या गाठींचा उपचार सीटी किंवा एमआरआय बघून, स्टेरॉइड आणि फिटचं औषध सोबत देऊन, मेंदूविकारतज्ज्ञ करतात. घरात कुणाला कधीही फिट आली असेल, कारण न सापडलेली जुनी डोकेदुखी असेल, किंवा त्वचेखाली लहान टणक गाठी लागत असतील, तर "एकच तर गोळी आहे" म्हणून ती देऊ नका. आधी डॉक्टरांना सांगा.

यकृताचा आजार, पूर्वी कावीळ, जंताच्या गोळीनं आधी कधी अंगावर पित्त उठलेलं, ही माहितीही द्या. आणि चालू औषधांची यादी न्या. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटाल ही फिटची औषधं अल्बेंडाझोलचं रक्तातलं प्रमाण कमी करतात. सिमेटिडिन आणि डेक्सामेथासोन ते वाढवतात. नावं आठवत नसतील तर स्ट्रिपच पिशवीत टाकून न्या.

थांबा: मुलाला आज ताप आहे, उलट्या-जुलाब चालू आहेत, किंवा दुसऱ्या आजाराचं औषध चालू आहे? मग गोळी आज देऊ नका, डॉक्टरांना विचारून दिवस ठरवा.

शाळेत गोळी मिळाली असेल तर

राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारीला असतो. अंगणवाडी आणि शाळांमध्ये गोळी देतात, त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी पुन्हा एक दिवस ठेवतात, आणि अनेक ठिकाणी वर्षात दुसरी फेरीही होते. गोळी सेविकेसमोर किंवा शिक्षकांसमोर चघळून खायची असते, घरी न्यायची नसते. त्या दिवशी मूल घरी आलं की एवढं विचारा: गोळी खाल्ली का? खाल्ली असेल तर तारीख लिहून ठेवा.

नेहमी असं होतं की शाळेत गोळी झालेली असते, आजीला माहीत नसतं, आणि शनिवारी घरची "सहा महिन्यांची गोळी" दिली जाते. असं एकदा झालं तर घाबरू नका, पण डॉक्टरांना फोन करून सांगा. उलट बाजूही आहे. मूल आजारी असताना, किंवा त्याला फिटचा त्रास असताना शाळेत गोळी देऊ नये. हे बाईंना तुम्हीच आधी, लेखी कळवा. त्यांच्यासमोर अख्खा वर्ग असतो.

टप्पा ३: काउंटरवरची तपासणी

चिठ्ठी वाचून औषध हातात आलं की तिथंच, पैसे द्यायच्या आधी, स्ट्रिप उलटी करून बघा. मागे लाल उभी रेघ असेल. औषधाचं मूळ नाव ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत असतं, तेच वाचा. तिथं नुसतं अल्बेंडाझोल आहे, की अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन असं दोन औषधांचं मिश्रण आहे? दोन्ही सर्रास मिळतात आणि नावं एकमेकांसारखी असतात. शेवटी "प्लस" किंवा असाच एखादा शेपटाचा शब्द असला की मिश्रण असण्याची शक्यता धरा. आयव्हरमेक्टिन १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना देत नाहीत, गरोदरपणातही देत नाहीत. चिठ्ठीवर साधी गोळी आणि हातात प्लसवाली आली, तर परत करा. "एकच आहे, उलट जास्त पॉवरफुल" असं कुणी म्हणालं तरी परत करा.

पातळ औषध घेतलं तर बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते बघा. बऱ्याचदा ते २०० असतं आणि बाटली १० मिलिलिटरची असते, म्हणजे अख्ख्या बाटलीत ४००. वर्ष-दीड वर्षाच्या बाळाला अख्खी बाटली पाजली जाते ती इथंच चुकते. किती मिलिलिटर द्यायचं ते डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या, आणि स्वयंपाकघरातल्या चमच्यानं न मोजता औषधाच्या मापानं किंवा सुई नसलेल्या सिरिंजनं मोजा. बाटली आधी चांगली हलवा, औषध तळाशी बसलेलं असतं.

कुत्र्यांचं, गाई-म्हशींचं जंताचं औषध माणसानं कधीही घ्यायचं नाही. नाव सारखं असलं तरी त्याची तीव्रता वेगळी असते.

एक्सपायरी बघा, बिल घ्या. स्ट्रिपमध्ये जास्त गोळ्या असतील तर तारीख छापलेली बाजू शेवटी फोडा.

टप्पा ४: प्रत्यक्ष गोळी देणं

दिवस असा निवडा की पुढचे काही तास मूल तुमच्या नजरेसमोर असेल. सकाळच्या व्हॅनच्या घाईत किंवा झोपाळलेल्या मुलाला देऊ नका.

उपाशीपोटी द्यायची, की खाऊन? आतड्यातल्या जंतांच्या एका डोससाठी उपास घडवायची गरज नाही. हलकं खाणं झाल्यावर दिली तर मळमळ कमी होते. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. आदल्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी एरंडेल पाजून पोट साफ करायची रीत अजून काही घरांत आहे. या गोळीबरोबर त्याची काहीच गरज नाही. जुलाब होऊन मूल गळून जातं आणि दोष गोळीला मिळतो.

मोठ्या मुलानं आणि माणसानं चघळायची गोळी नीट चावून बारीक करायची आणि वर पाणी प्यायचं. अख्खी गिळायला लावू नका. गोळी मोठी असते, घशात अडकते.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी गोळी चुरूनच द्यायची. एक चमचा खाली धरा, त्यात गोळी ठेवा, दुसरा चमचा तिच्यावर पालथा न घालता त्याच्या फुगीर पाठीनं दाबा आणि थोडं फिरवा. गोळी आधी तीन-चार तुकड्यांत फुटते. इथंच बरेच जण थांबतात. तुकड्यांचं पीठ होईपर्यंत दाबत राहा, बोटांनी चाचपून खडा लागला नाही पाहिजे. मग चमचाभर उकळून गार केलेलं पाणी घालून कालवा आणि लगेच पाजा. चमच्याला चिकटलेलं उरतं, त्यावर पुन्हा थोडं पाणी घालून तेही द्या. अर्धी गोळी सांगितली असेल तर आधी रेघेवर तोडा आणि मग चुरा. चुऱ्याचा अर्धा अंदाजानं काढू नका.

थांबा: मूल रडत असेल, आडवं झोपलं असेल, तोंड घट्ट मिटून विरोध करत असेल तर नाक दाबून औषध ओतायचं नाही. श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेतू शकतं. दहा मिनिटं जाऊ द्या, मांडीवर ताठ बसवा, पुन्हा प्रयत्न करा. नाहीच जमलं तर उद्या.

दिल्याबरोबर उलटी झाली तर आपल्या मनानं दुसरी गोळी देऊ नका. किती मिनिटांनी झाली आणि उलटीत गोळीचे कण दिसले का, एवढं लक्षात ठेवून डॉक्टरांना फोन करा.

टप्पा ५: पुढचे दोन दिवस

थोडं पोट दुखणं, मळमळ, एखादी उलटी, पातळ शी, थकवा हे होऊ शकतं. जंत जास्त असतील तर हा त्रास जरा जास्त जाणवतो. पाणी पाजा, आडवं होऊ द्या, साधं जेवण द्या. सहसा एका दिवसात निवळतं. जंत बाहेर पडलेले दिसले नाहीत तरी गोळी लागू पडली नाही असं समजू नका, आणि दिसले म्हणून आणखी एक देऊ नका.

ताबडतोब दवाखाना किंवा १०८: अंगभर गांधी, ओठ-चेहरा सुजणं, श्वास लागणं, फिट, सहन न होणारी डोकेदुखी, थांबत नाहीत अशा किंवा हिरव्या उलट्या, पोट फुगून टणक होणं आणि शी-वारा बंद होणं. शेवटचं लक्षण गोलकृमींच्या गुंत्यानं आतडं बंद झाल्याचं असू शकतं. सकाळपर्यंत वाट बघायची ही गोष्ट नव्हे.

टप्पा ६: चौदावा दिवस आणि बाकीचं घर

सुतासारख्या जंतांचा उपचार इथं फसतो. पहिली गोळी पोटातले जंत मारते, अंड्यांवर तिचा भरवसा धरता येत नाही. ती अंडी नखांत, चादरीत, खेळण्यांवर दोन ते तीन आठवडे टिकतात. म्हणून डॉक्टर १४ दिवसांनी दुसरा डोस सांगतात, आणि खाज थांबलेली असल्यामुळे लोक तो घेत नाहीत. महिनाभरात खाज परत, मग "गोळीच बोगस होती." पहिली गोळी दिली त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुसरी तारीख लिहा, आणि घरात जितकी माणसं घेणार तितकी नावंही.

घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यावी असं सांगतात तेही याच जंतांसाठी. पण "सगळ्यांनी" याचा अर्थ टप्पा २ मधून एकेक माणूस तपासून मग. गरोदर बाई, एक वर्षाखालचं बाळ, फिटचा रुग्ण यांचं डॉक्टर वेगळं ठरवतील. घरातल्या कुत्र्या-मांजराला दोष देऊ नका, हे जंत त्यांच्याकडून येत नाहीत.

गोळीच्या दिवसापासून दोन आठवडे एवढं पाळा. सर्वांची नखं मुळापर्यंत कापा. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा अंघोळ, खालचा भाग साबणानं धुऊन, आणि चड्डी रोज सकाळी बदलायची. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल गरम पाण्यात धुवा, पण धुण्याआधी गॅलरीत झटकू नका, अंडी उडून घरभर पसरतात. याच कारणानं झाडूऐवजी ओल्या फडक्यानं पुसा. शी नंतर आणि जेवणाआधी साबणानं हात, तेही मोठ्या माणसांनी सुद्धा, कारण डबा तेच भरतात.

गोलकृमींची गोष्ट वेगळी. त्यांची अंडी मातीत काही आठवडे मुरल्याशिवाय रोग देत नाहीत, त्यामुळे इथं चादरींपेक्षा भाजी महत्त्वाची. मंडईतून आणलेली पालेभाजी जुडी सोडून, पान पान वेगळं करून भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुवा. शिजवलेल्या भाजीचा प्रश्न नसतो. वरून पेरलेली कोथिंबीर, कोशिंबिरीतला मुळा, भेळेवरचा कच्चा कांदा-टोमॅटो, यांच्याकडे लक्ष द्या.

आठवड्यांचा कोर्स सांगितला असेल तर

यकृतातल्या हायडॅटिड गाठीसाठी (दुसऱ्या एका टेपवर्मच्या अळीमुळे होणारी पाण्यानं भरलेली गाठ) किंवा मेंदूतल्या गाठींसाठी हीच गोळी कित्येक दिवस, दिवसातून दोनदा दिली जाते. तिथं वरचे बरेच नियम बदलतात. औषध रक्तात जायला हवं असतं, म्हणून ते तूप-तेल असलेल्या जेवणासोबत घ्यायला सांगतात. रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या सुरुवातीला आणि दर दोन आठवड्यांनी कराव्या लागतात. "बरं वाटतंय, मग तपासणी कशाला" म्हणून त्या टाळू नका, कारण पांढऱ्या पेशी उतरल्याचं सुरुवातीला कळत नाही. ताप, घसा दुखणं, हिरड्यांतून रक्त, डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. कोर्समध्ये ठरवून सुट्टीचे दिवस दिलेले असतील तर त्या दिवसांत गोळी घ्यायची नसते. राहिलेली गोळी दुप्पट करून भरून काढायचीही नसते.

टप्पा ७: बरं झालं का, हे बघणं

दुसऱ्या डोसनंतरही दोन-तीन आठवड्यांनी खाज असेल, जंत दिसले, किंवा अंकुशकृमींमुळे कमी झालेलं हिमोग्लोबिन चढत नसेल, तर तिसरी गोळी आपल्या मनानं न घेता पुन्हा तपासणी करा. अंकुशकृमींनंतर लोहाच्या गोळ्या वेगळ्या लागतात. जंत गेले तरी गेलेलं रक्त आपोआप लवकर भरून येत नाही. चपटे तुकडे दिसलेल्या माणसानं तर पहिल्या दिवसापासून डॉक्टरांकडेच राहावं.

डॉक्टरांकडे जाताना रिकामी स्ट्रिप, गोळ्यांच्या तारखा आणि फोटो न्या. गोळीनं काही विचित्र त्रास झाला असेल तर तो डॉक्टरांमार्फत किंवा औषधांच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांकावर, १८००-१८०-३०२४ वर, तुम्ही स्वतःही नोंदवू शकता. स्ट्रिप हाताशी ठेवून फोन करा, बॅच नंबर विचारतात.